पिकअपच्या अल्टरनेटरवर ट्रेलरची बॅटरी : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

आम्ही कोलोरॅडोतील डेन्व्हरला राहतो. आमच्याकडे फोर्ड एफ-१५० पिकअप आणि तिच्यामागे जोडायचा प्रवासी ट्रेलर आहे. ट्रेलरमध्ये २०० अँपिअर-तास क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी असून तिच्यावर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवे, पाण्याचा पंप आणि थंडीत गॅस-हीटरचा पंखा चालतो. ग्रेट सँड ड्यून्स राष्ट्रीय उद्यानातील पिन्यॉन फ्लॅट्ससारख्या ज्या जागी मुक्काम करायला आम्हाला आवडते, तेथे ट्रेलरसाठी विजेची जोडणी मिळत नाही. म्हणून तेथे पोहोचेपर्यंतचे रस्त्यावरचे तास पिकअपच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या जनित्रावरून, ट्रेलरची बॅटरी चार्ज करण्यासाठी वापरावेत, या हेतूने ही जोडणी केली. आता चारही ऋतूंत ती वापरून झाल्यामुळे तिच्याविषयी सविस्तर लिहिता येईल असे वाटते.

ट्रेलर ओढण्याची सोय असलेल्या बहुतेक पिकअपच्या मागच्या बंपरवर सात पिनांचे सॉकेट असते आणि त्यातील एक पिन ट्रेलरच्या बॅटरीला वीज देण्यासाठीच ठेवलेली असते. त्यामुळे वेगळे काही करण्याची गरज नाही असा अनेकांचा समज असतो, आणि मल्टिमीटर लावला की त्या पिनवर पूर्ण व्होल्टेज दिसते, म्हणून तो समज पक्का होतो. मात्र मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. तारेचा खरा कस प्रवाह वाहू लागल्यावरच लागतो. या पिनपर्यंत येणारी तार बहुधा १० किंवा १२ गेजची असते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). १२ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध दर १,००० फुटांना सुमारे १.६ ओहम धरला, आणि बॉनेटखालच्या बॅटरीपासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत जाऊन परत येण्याचे अंतर ६० फूट धरले, तर केवळ १० अँपिअर प्रवाहाला जवळजवळ १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. अल्टरनेटरने १४.२ व्होल्ट दिले तरी दुसऱ्या टोकाला १३.२ उरतात, आणि अर्ध्याहून अधिक भरलेल्या लिथियम बॅटरीचे स्थिर व्होल्टेज जवळपास तितकेच असते. ठिबक सिंचनाच्या लांब नळीच्या शेवटच्या झाडाशी दाब पोहोचत नाही, तसेच हे आहे. त्यातच अलीकडच्या गाड्यांमध्ये इंधन वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे १४.२ व्होल्टची तरी खात्री कुठे असते?

यावर उपाय दोन भागांचा आहे, आणि माझ्या मते त्यातील तार हा भाग चार्जरपेक्षा महत्त्वाचा आहे. मी पिकअपच्या बॅटरीपासून मागच्या बंपरपर्यंत ४ गेजच्या, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या, दोन शुद्ध तांब्याच्या केबली टाकल्या. भारतात असे काम करणाऱ्यांना केबल चौरस मिलिमीटरमध्येच मिळते, म्हणून दोन्ही मापे दिली आहेत. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबली स्वस्त असतात, पण त्यांचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. म्हणजे जाडीसाठी पैसे मोजायचे आणि फायदा मात्र बारीक तारेचा मिळवायचा. बंपरपाशी जाड केबली जोडण्या-सोडवण्यासाठी १२० अँपिअरचा अँडरसन कनेक्टर आहे. ट्रेलरच्या पुढच्या सामानाच्या कप्प्यात, बॅटरीपासून हातभर अंतरावर, ३० अँपिअरचा आयसोलेटेड (आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारा) डीसी-डीसी चार्जर बसवला आहे. तो आत येणारे कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हव्या त्या पातळीवर नेतो. ही पायरी ट्रेलरच्या बाजूलाच हवी, कारण चार्जर पिकअपमध्ये बसवला तर त्याने नेमके केलेले व्होल्टेज पुढच्या तारेत पुन्हा घटते.

चार्जर ३० अँपिअर देतो याचा अर्थ तो तितकाच घेतो असा नाही, आणि तारेची निवड करताना नेमके हेच पाहावे लागते. साधारण १४.२ व्होल्टला ३० अँपिअर म्हणजे ४२६ वॅट. ८७ टक्के कार्यक्षमता धरली तर आत सुमारे ४९० वॅट जायला हवेत, म्हणजे १२.८ व्होल्टला ३८ अँपिअर. सात पिनांच्या सॉकेटवर एवढा भार टाकला तर फ्यूज उडेल. माझ्या ४ गेजच्या केबलीत या प्रवाहाला सुमारे ०.६ व्होल्टची घट हिशेबाने यायला हवी होती आणि मोजल्यावर जवळपास तेवढीच आली. पिकअपच्या बॅटरीपाशी ६० अँपिअरचा फ्यूज आहे आणि तसाच एक ट्रेलरच्या बॅटरीपाशीही आहे. दोन्ही टोकांना विजेचा स्रोत असल्यामुळे एकाच बाजूचा फ्यूज पुरेसा ठरत नाही. केबल चासीच्या आतल्या बाजूने, सायलेन्सर आणि प्रोपेलर शाफ्टपासून दूर, लवचिक नळीतून नेली आहे. ब्रेकच्या नळ्यांना ती कुठेही बांधलेली नाही.

जोडणीतील दोन बाबी विशेष काळजीच्या आहेत. पहिली ऋण टोकाची. या गाडीत बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो आणि त्याच्याच आधारे संगणक अल्टरनेटरला आदेश देतो. ऋण केबल थेट टर्मिनलवर जोडली तर ट्रेलरकडे जाणारा प्रवाह या सेन्सरच्या नजरेतून सुटतो, म्हणून ती चासीच्या अर्थिंगवर, रंग घासून स्वच्छ केलेल्या जागी जोडली आहे. दुसरी बाब सात पिनांतील जुन्या चार्जिंगच्या तारेची. ती ट्रेलरच्या बॅटरीला तशीच जोडलेली राहिली, तर चार्जरने दिलेली वीज त्याच वाटेने पिकअपकडे परत जाते आणि प्रवाह गोल फिरत राहतो. मी ती ट्रेलरच्या जंक्शन बॉक्समध्ये बॅटरीपासून सोडवून चार्जरच्या चालू-बंद करण्याच्या टर्मिनलला दिली. माझ्या गाडीत त्या पिनवर इंजिन चालू असतानाच वीज येते, हे आधी मीटरने तपासले होते. त्यामुळे इंजिन बंद होताच चार्जर थांबतो आणि पिकअपची बॅटरी उतरत नाही. हे करताना ब्रेकअवे स्विचची तार मात्र बॅटरीवरच राहिली पाहिजे. ट्रेलर रस्त्यात सुटला तर त्याचे विजेचे ब्रेक त्या तारेवरच लागतात.

आता प्रत्यक्ष अनुभव. आय-७० महामार्गावरून युटाहमधील मोआबकडे जाताना आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,००० फुटांच्या वर, चढ आहे. त्या चढावर चार्जरकडे येणारे व्होल्टेज १३ च्या खाली जाते आणि पलीकडच्या उतारावर १४ च्या वर चढते, पण बॅटरीत जाणारा प्रवाह दोन्हीकडे ३० अँपिअरच्या आसपास स्थिर असतो. ही स्थिरता मला सर्वांत मोलाची वाटते. मुक्कामाला पोहोचताना बॅटरी किती भरलेली असेल, हे निघण्यापूर्वीच सांगता येते. निम्मी रिकामी बॅटरी साडेतीन-चार तासांच्या प्रवासात जवळजवळ पूर्ण भरते.

उन्हाळ्यात मात्र चार्जर तापतो. वर केलेल्या हिशेबातील ६० हून अधिक वॅट उष्णतेच्या रूपानेच बाहेर पडतात, आणि बंद कप्प्यात तापमान चाळीस अंशांच्या पुढे गेले की चार्जर स्वतःच प्रवाह कमी करतो. मोआबच्या उन्हात हा परिणाम स्पष्ट दिसला. चार्जर उभा बसवून, त्याच्या वर-खाली चार बोटे जागा मोकळी ठेवून आणि संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा लहान पंखा लावल्यावर प्रवाह पुन्हा पूर्ववत झाला. हिवाळ्यातील अडचण नेमकी उलट आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही. तिच्यातील संरक्षक सर्किट चार्जिंग बंद करते आणि अल्टरनेटर चालू असूनही त्याची वीज आत घेता येत नाही. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी बॅटरी ट्रेलरच्या पुढच्या उघड्या दांड्यावर न ठेवता आत, उबदार भागात ठेवावी, असे मी आवर्जून सांगेन.

कोलोरॅडोत हिवाळ्यात रस्त्यांवर मॅग्नेशियम क्लोराइडचे द्रावण फवारतात. बर्फ हटवण्यासाठी ते उपयुक्त असले तरी तांब्याला ते फार त्रासदायक ठरते. केबलींच्या टोकांचे थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून त्यांवर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवलेली आहे, त्यामुळे ते जोड अजून स्वच्छ आहेत. उघडा राहतो तो बंपरवरचा कनेक्टर. वसंतात पुन्हा मोजले तेव्हा घट ०.६ वरून ०.९ व्होल्टवर गेली होती. संपर्काच्या पट्ट्या साफ करून ग्रीस लावल्यावर ती पूर्वीच्या आकड्यावर आली. आता कनेक्टरला रबरी टोपण आहे आणि प्रत्येक ऋतूच्या सुरुवातीला भारासह मोजमाप करतो.

या सगळ्याला साधारण ५०० डॉलर खर्च आला आणि त्यातील मोठा वाटा केबल व चार्जरचा होता. छतावर २०० वॅटचे सौर पॅनेलही आहे. ते चांगल्या उन्हात दिवसभरात जेवढे देते, तेवढे ही जोडणी दोन तासांत देते. मात्र एकाच जागी चार दिवस राहिलो तर सौर पॅनेलच कामाला येते, कारण चार्जिंगसाठी गाडी उभी ठेवून इंजिन चालवणे मला पटत नाही. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर अल्टरनेटर कमी वीज देतो आणि त्याचा पंखाही मंद फिरतो, त्यामुळे तो तापण्याचा धोका असतो. ज्यांच्या ट्रेलरमध्ये फक्त दिवे आणि पाण्याचा पंप आहे, त्यांना एवढी जाड केबल टाकण्याची गरज नाही. सात पिनांच्या तारेवरच चालेल असा ८ ते १० अँपिअरचा लहान डीसी-डीसी चार्जर त्यांना पुरतो, आणि तो बसवायला गाडीच्या बॉनेटला हातही लावावा लागत नाही.