आठ महिने एफपीव्ही: सीईचे पाच, एफसीसीचे तीन

एफपीव्ही ड्रोन, म्हणजे त्याच्या कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघत उडवायचा ड्रोन, घेऊन आठ महिने झाले. पहिले पाच महिने तो युरोपच्या म्हणजे सीईच्या (सीई ही तिथल्या मालावरची मान्यतेची खूण) नियमांखाली उडवला. मग नोकरीपायी मुक्काम हलला आणि गेले तीन महिने अमेरिकेच्या, एफसीसीच्या (रेडिओ लहरींवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) नियमांखाली उडवतोय. ड्रोन तोच, गॉगल तोच, बॅटऱ्याही त्याच (एक फुगली, ती काढून टाकली). बदलले ते दोनच आकडे: रेडिओची ताकद आणि कमाल वेग. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की लोक नियम सोडून कंपनीवरच भांडत बसतात. चारशे ग्रॅमच्या आतला, पंख्यांभोवती कडं असलेला, खोक्यातून काढून थेट उडवायचा ड्रोन आहे, एवढं पुरे.

घेताना मीही रेंजच्या आकड्याला भुललो होतो. माझा ड्रोन तो नाही, पण सगळ्यांच्या ओळखीचा म्हणून डीजेआय अवाटा २ चं उदाहरण घेतो. त्याच्या माहितीपत्रकात एफसीसीखाली १३ किलोमीटर आणि सीईखाली १० किलोमीटर असं लिहिलंय. हे आकडे मोकळ्या माळावरचे, मध्ये काही अडथळा नसतानाचे आणि फक्त जाण्याचे आहेत. परतीची बॅटरी त्यात धरलेली नाही. शिवाय दोन्हीकडच्या नियमांत ड्रोन नुसत्या डोळ्यांना दिसत राहायला हवा. तुमच्या डोळ्यांवर गॉगल, म्हणून शेजारी उभ्या असलेल्या स्पॉटरला तरी. एवढासा ड्रोन तीन-चारशे मीटरवर ठिपका होतो आणि त्यापुढे आभाळात विरघळतो. म्हणजे त्या दहा किलोमीटरांतले साडेनऊ तुमच्या काहीच कामाचे नाहीत. माझा स्पॉटर म्हणजे धाकटा भाऊ. आठ महिन्यांत त्याची मान आखडली आणि माझी ख्याती वाढली, अशी त्याची तक्रार आहे.

आता ताकदीचं गणित. ड्रोन दोन रेडिओ पट्ट्यांवर बोलतो, ५.८ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५.८ वर सीईची मर्यादा २५ मिलीवॉट, म्हणजे १४ डीबीएम (तीच ताकद डेसिबलमध्ये मोजली की). एफसीसीखाली अशा ड्रोनच्या माहितीपत्रकात ३३ डीबीएमपर्यंतचा आकडा दिसतो, म्हणजे दोन वॉट. ताकद ऐंशी पट! ऐकून माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. पण सहा डेसिबल वाढवावेत तेव्हा कुठे अंतर दुप्पट होतं. त्या हिशोबाने १९ डेसिबलमध्ये मोकळ्यावर जेमतेम नऊ पट अंतर मिळतं, आणि ते अंतर तर आपण आत्ताच निकालात काढलं.

मग एफसीसीत गेल्यावर फरक पडलाच नाही का? पडला, पण मला वाटलं होतं तिथे नाही. मोकळ्यावर चारशे मीटरपर्यंत सीईतही चित्र स्वच्छ होतं. मात्र ओल्या पानांच्या झाडीआड ड्रोन गेला की सीईत दीडशे मीटरवर चित्राचे ठोकळे पडायला लागायचे, आणि जुनी कॅसेट अडकायची तसं ते अडखळायचं. आता तशाच झाडीत ते निवांत टिकतं. जास्तीची ताकद लांब जायला नाही, जवळच्या जवळ आडोशाला जायला कामी आली. २.४ गिगाहर्ट्झ पानांतून जरा बरं शिरतं आणि तिथे सीईही १०० मिलीवॉट देतं, पण वस्तीजवळ तो पट्टा वायफायने इतका गजबजलेला असतो की ड्रोन आपणहून ५.८ वर पळतो.

एक कबुली द्यायला हवी. पहिले दोन महिने मी सगळा दोष सीईला दिला. उजवीकडे वळलं की चित्र फुटायचं, डावीकडे नाही. अँटेना सैल असेल म्हणून बदलून झाली, फर्मवेअर टाकून झालं. शेवटी भावाने विचारलं, "तू त्याच्याकडे पाठ करून का उभा राहतोस?" उन्हाची तिरीप गॉगलच्या कडेतून आत येते म्हणून मी सूर्याकडे पाठ करायचो, आणि उजवीकडची फेरी नेमकी माझ्या पाठीमागे जायची. ५.८ च्या लहरींना माणसाचं डोकं म्हणजे पाण्याने भरलेला हंडा. तोंड फिरवलं आणि निम्मी तक्रार संपली. अँटेनाचं टोक ड्रोनवर रोखायचं नसतं हेही तेव्हाच कळलं. सिग्नल टोकातून नाही, बाजूंनी निघतो. १९ डेसिबलमध्ये जे शोधत होतो त्यातलं बरंचसं मान वळवल्यावर मिळालं.

सीईत असताना एका मित्राने ड्रोनला फसवून एफसीसी चालू केलं होतं. हे तयार ड्रोन उपग्रहांवरून आपण कुठे आहोत ते बघून नियमावली निवडतात, त्यालाच चकवायचं. त्याचं चित्र झकास आलं, पण त्याच मैदानात घरी जोडलेले, ॲनालॉग म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चित्र पाठवणारे ड्रोन उडवणाऱ्या आम्हा दोघांच्या गॉगलमध्ये बर्फासारखे पांढरे ठिपके पडायला लागले. शेजारी कुणी कर्णा लावला तर आपण कुजबुज कशी ऐकणार? रेसमध्ये सगळ्यांना २५ मिलीवॉटवर ठेवतात ते यासाठीच. कमी ताकदीत जास्त जण एकत्र उडू शकतात.

चॅनल निवडतानाही असाच दुसऱ्यांचा विचार हवा. रेसबँडचे (ॲनालॉग ड्रोनच्या चॅनलांची एक ठरलेली यादी) आठ चॅनल सगळे डोळे मिटून वापरतात, पण मुक्त पट्टा आहे ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ. आर १ (५६५८) आणि आर २ (५६९५) त्याच्या खाली पडतात, आर ७ (५८८०) आणि आर ८ (५९१७) वर. अर्धा रेसबँड बाहेर! अमेरिकेत ही जागा हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात मोडते, म्हणून तिथे ॲनालॉगवाल्यांकडे हॅमचं लायसन्स मागतात. ई बँड नावाच्या दुसऱ्या यादीतला चौथा चॅनल तर ५६४५ वर आहे, आणि ५६०० ते ५६५० मध्ये विमानतळांजवळची हवामानाची रडारं काम करतात. मी तो यादीतूनच उडवलाय.

आता वेग, म्हणजे ज्यावर मी जास्त चिडलो होतो तो भाग. युरोपने ड्रोनचे वर्ग पाडलेत, त्यातल्या सी १ वर्गात सरळ उड्डाणाचा कमाल वेग सेकंदाला १९ मीटर, ताशी ६८ किलोमीटर. अवाटा २ मॅन्युअल मोडमध्ये (म्हणजे ड्रोनची आपोआप सावरायची मदत बंद ठेवून) एरवी २७ मीटरला, म्हणजे ताशी ९७ ला जातो, पण युरोपात त्यालाही १९ वरच थांबवलंय. माझा ड्रोनही असाच बांधून ठेवलेला. स्टिक पुढे ढकलली की एका क्षणी कुणीतरी मागून शेपूट धरल्यासारखं वाटायचं. रिकाम्या ट्रॅकवर मित्राच्या मोटारसायकलमागे लागलो तर तो आरामात निसटायचा आणि वर हात हलवायचा. खाली सूर मारला की वेग जातो पुढे, कारण नियम सरळ उड्डाणापुरता आहे. म्हणून मी वाजवीपेक्षा जास्त सूर मारायला लागलो, हा त्या नियमाचा एक तोटाच म्हणेन. घरी जोडलेल्या ड्रोनांनाही हा आकडा चुकत नाही: २५० ग्रॅमच्या आत आणि १९ मीटरच्या आत असेल तरच सौम्य अटी, नाहीतर थेट वस्तीपासून दीडशे मीटर दूर.

अमेरिकेत व्यावसायिक उड्डाणांना ताशी १०० मैलांची मर्यादा आहे, त्यामुळे माझा ड्रोन पूर्ण सुटला. पहिल्या आठवड्यात काय मजा आली! दुसऱ्या आठवड्यात तो कुंपणाच्या खांबाला भेटला. कडं तुटलं, कॅमेऱ्याची काच गेली. रात्री बसून हिशोब केला. चित्र गॉगलमध्ये यायला साधारण ३० मिलीसेकंद लागतात. १९ च्या वेगात तेवढ्यात ड्रोन ५७ सेंटीमीटर जातो, २७ ला ८१. त्यावर माझ्या बोटांचा पाव सेकंद धरा: एकीकडे आणखी पावणेपाच मीटर, दुसरीकडे आणखी पावणेसात. धडकेची ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे सरळ दुप्पट. खांब तोच, पण १९ ला कदाचित नुसतं कडंच गेलं असतं. बॅटरीही मॅन्युअलमध्ये सोळा मिनिटांवरून अकरावर आली.

हे दोन नियम मी आधी वेगवेगळे धरत होतो. प्रत्यक्षात ते एकमेकांत अडकलेले आहेत. दोन सेकंद चित्र गेलं तर १९ च्या वेगात ३८ मीटर आंधळं उड्डाण, २७ ला ५४. सीईत सिग्नल नाजूक होता, पण ड्रोनही हळू होता. एफसीसीत दोन्ही वाढले. सगळ्यात वाईट जोडी माझ्याच घरी आहे: स्वतः जोडलेला पाच इंची पंख्यांचा क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन), २५ मिलीवॉटचा ट्रान्समीटर आणि वेगाला लगाम नाही. त्याच्यावर झाडीत जायचं मी बंद केलंय. तयार ड्रोनवरही मॅन्युअलचा वेग सेटिंगमध्ये २२ वर ठेवलाय. तो मोटारसायकलवाला इथे असता तर अजूनही निसटला असता.

बाकी बांधणी उत्तम, गॉगल दोन तासांनी कपाळाला रुततो, पंख्याचा आवाज डासासारखा. खरी नाराजी एकाच गोष्टीवर आहे. सध्या कोणती नियमावली लागू आहे हे स्क्रीनवर सरळ दिसत नाही, तीन मेनू खाली उतरावं लागतं. नव्या गावी आल्यावर पहिल्या दिवशी पाऊस होता म्हणून एका बंद हॉलमध्ये उडवला, आणि दोन भिंतींआड चित्र जुन्यासारखंच फुटलं. एफसीसी, एफसीसी म्हणून नाचलो ते हेच का, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मैदानात उपग्रह सापडले आणि ताकद आपोआप वाढली. आदल्या दिवशी हॉलमध्ये उपग्रह दिसतच नव्हते, म्हणून ड्रोन अजून आपण युरोपात आहोत असंच समजून बसला होता.