बीट बनवायची कशावर? फोन, लॅपटॉप, खिशातलं यंत्र की ऑक्टापॅड

वरातीतल्या डीजेपासून कानबाईच्या गाण्यांच्या रिमिक्सपर्यंत, खान्देशात हल्ली गावोगावी कुणी ना कुणी घरी बसून ट्रॅक बनवतंय. त्यामुळे ‘भाऊ, काय लेऊ (घेऊ)?’ हा प्रश्नही वाढलाय. फोनवर भागेल की लॅपटॉप लागेलच? इन्स्टावर दिसतं ते कॅल्क्युलेटरएवढं यंत्र कसं आहे? बहुतेक जण याचं उत्तर रॅम आणि जीबीत देतात. मी एवढंच बघतो: कुठलंही गाणं पूर्ण करायचं नसताना त्या वस्तूशी तास-दीड तास नुसतं खेळावंसं वाटतं का?

ही कसोटी हवेतून आलेली नाही. रोलंड कंपनीचं टीबी-303 हे यंत्र 1980च्या दशकाच्या सुरुवातीला निघालं ते एकट्या गिटारवाल्याला बेसची साथ मिळावी म्हणून. त्या कामात ते सपशेल पडलं, कंपनीने बंद केलं आणि जुन्या बाजारात ते मातीमोल भावात जाऊ लागलं. मग शिकागोतल्या पोरांनी सूर चालू असतानाच त्याची बटणं पिरगाळली आणि त्या चिरक्या, वळवळत्या आवाजावर ॲसिड हाउस हा नाचायच्या संगीताचा प्रकार उभा राहिला. त्याच्याही आधी, 1982 साली, आपल्या मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी हेच यंत्र आणि टीआर-808 हे ठेक्याचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले होते. यातलं काहीही कंपनीच्या माहितीपुस्तिकेत नव्हतं.

नवख्याला मी आधी फोनच सांगतो. कोआला सॅम्पलर नावाचं ॲप आहे, काही शे रुपयांत येतं. पॅड, म्हणजे स्क्रीनवरची चौकट, दाबून धरलं की माइक चालू, सोडलं की तो आवाज त्या पॅडवर बसला. बाकी काही शिकावं लागत नाही.

घरात भाकरी थापणं चालू असताना परातीशेजारी फोन धरून बघा. सुरुवातीचे थापे जाड, दबके येतात. भाकरी पसरत जाते तसा आवाज चपटा होतो आणि मागे परातीच्या पत्र्याची किणकिण ऐकू यायला लागते. शेवटी हाताचं पीठ झटकल्याचा हलका ‘फट्’. हे चार तुकडे चार पॅडवर टाका. पहिला थापा एक सप्तक खाली उतरवा: वेग निम्मा होतो, लांबी दुप्पट, आणि त्याच थाप्यात ढोलाचा घुमारा येतो. किणकिण उलटी वाजवली की ती शांततेतून फुगत येते आणि टोकाला गेल्यावर एकदम तुटते. हा आवाज आवाजांच्या कुठल्याही विकतच्या पॅकमध्ये मिळत नाही. आईने ‘काय चाललंय हे’ विचारलं तर तेही रेकॉर्ड करा, कामाला येतं.

पिएर शेफर या फ्रेंच माणसाने 1948 साली पॅरिसमधल्या स्टेशनावर रेल्वेचे आवाज टिपून नुसत्या त्यांचीच रचना केली. त्याच्याकडे तेव्हा टेपसुद्धा नव्हती, सगळं काम तबकड्यांवर. भुसावळच्या पोराकडे खिशात रेकॉर्डर आहे आणि उशाला रात्रभर शंटिंग. तरी तो कुठलंतरी लूप पॅक (तयार ठेक्यांचा संच) डाउनलोड करत बसतो, याचं मला नवल वाटतं.

फोनचे तोटेही सांगतो. ब्लूटूथ इअरफोनवर पॅड मारल्यावर आवाज उशिरा पोचतो आणि ठेका हातचा जातो, म्हणून वायरचाच इअरफोन घ्या. चार मिनिटांचं गाणं अंतरा-मुखड्यासकट एवढ्याशा स्क्रीनवर लावणं जिकिरीचं आहे. आणि मे महिन्यात पारा 45च्या वर गेला की फोन तापतो, ॲप अडखळतं. तेव्हा पहाटे काम करायचं.

लॅपटॉप म्हटलं की आपल्याकडे एफएल स्टुडिओ. 1997 साली बेल्जियममधून ‘फ्रुटी लूप्स’ नावाने आलेलं हे सॉफ्टवेअर डीजे मंडळींच्या अंगवळणी पडलंय, आणि हाच त्याचा सर्वांत मोठा फायदा. अडलं तर शेजारच्या गल्लीत विचारायला माणूस मिळतो. एकदा विकत घेतलं की पुढची अपडेट फुकट. ट्रायलमध्ये मात्र एक मेख आहे: काम सेव्ह होतं, पण बंद केल्यावर परत उघडत नाही. त्यासाठी क्रॅकच्या, म्हणजे चोरीच्या कॉपीच्या, नादी लागून लॅपटॉपमध्ये व्हायरस घालण्यापेक्षा एलएमएमएस हे फुकटातलं सॉफ्टवेअर बरं.

खेळायला लॅपटॉपवर वाव नाही असं अजिबात नाही. ठेका मांडायच्या सोळा घरांच्या पट्टीवर किक, म्हणजे ड्रमचा जाड ठोका, ठेवा आणि टाळीची फेरी चौदा घरांची करा. दोघं एकत्र निघतात, लगेच फारकत घेतात आणि 112 घरांनी, म्हणजे किकच्या सात फेऱ्या झाल्यावर, पुन्हा पहिल्या घरावर भेटतात. मधल्या काळात प्रत्येक फेरी वेगळी लागते आणि तुम्ही बोटही उचललेलं नसतं. पण हे करतो कोण? समोर हलगी, संबळ, ढोल सगळं रेडीमेड पडलेलं असतं. ओढलं, सोडलं, झालं. म्हणून पाच डीजेंचे पाच ट्रॅक ऐकले तर कुठला कुणाचा ते शेवटी ओरडलेल्या नावावरूनच कळतं.

तरीही तुम्हाला अहिराणी गाणी रेकॉर्ड करायची असतील, गायकाचा आवाज साफ करून मिक्स द्यायचा असेल, त्यातून चार पैसे कमवायचे असतील, तर फोनवर वेळ घालवू नका. सरळ लॅपटॉप घ्या.

आता ते खिशातलं यंत्र. टीनेज इंजिनिअरिंग या स्वीडिश कंपनीची पॉकेट ऑपरेटर मालिका 2015 पासून आहे. त्यातलं पीओ-33 हे सॅम्पलर, म्हणजे आवाज टिपून वाजवणारं यंत्र. वर कव्हर नाही, उघडी सर्किट पट्टी, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालतं. लाइट गेली काय, आली काय. आवाज साठवायला एकूण फक्त 40 सेकंद, पॅटर्नला 16 घरं. ही कंजुषीच मला आवडते: नवा आवाज हवा तर जुना पुसावा लागतो, म्हणजे काय ठेवायचं ते ठरवावंच लागतं. एक इफेक्ट तर चालू बीट सहा-आठच्या चालीत लोटतो. सरळ डिस्कोचा ठेका क्षणात दादऱ्याकडे झुकतो आणि बटण सोडलं की परत जागेवर. एसटीत बसून धुळे ते नंदुरबार यात कसं जातं कळत नाही.

पण केलेलं काम बाहेर काढायला त्याला यूएसबी नाही, इअरफोनच्या पिनेतूनच रेकॉर्ड करून घ्यावं लागतं. बाहेरून मागवायचं म्हणजे ॲपच्या कितीतरी पट पैसे, आणि बिघडलं तर जळगावात दुरुस्त कोण करणार? पहिली खरेदी म्हणून नको. फोनवर सहा महिने रमलात तर विचार करा.

कोड लिहिणाऱ्यांनी सॉनिक पाय हे कोडमधून सूर वाजवणारं सॉफ्टवेअर बघावं. फुकट आहे, ओळ बदलली की सूर बदलतो.

राहिला ऑक्टापॅड, म्हणजे काठीने वाजवायचे आठ इलेक्ट्रॉनिक पॅड. ऑर्केस्ट्रावाल्यांकडे जुने एसपीडी-20 मॉडेलचे अजून फिरतात. त्यात स्वतःचा आवाज भरता येत नाही, आतले आहेत तेच. पण मिडी केबलने (ती आवाज नाही, कुठलं पॅड किती जोरात वाजलं ते कळवते) लॅपटॉपला जोडला की आठ पॅडवर आठ थापे, हवे ते. ज्याचा हात आधीच ढोलकीवर बसलाय त्याने माउसने ठिपके मांडत बसण्यापेक्षा हेच करावं. काठी थोडी मागे-पुढे पडते ती गंमत ठिपक्यात येत नाही. जुना घेताना आठही पॅड मध्ये आणि कडेला मारून बघा, हळू मारल्यावर हळू वाजतंय का तेही. कडेचा मार लागत नसेल तर भाव पाडा, नाहीतर सोडून द्या.