पुशरॉड की पुलरॉड? फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीसाठी

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. यंदाच्या गाडीचं सस्पेन्शन कागदावर यायला लागलं की पुशरॉड लावायचा की पुलरॉड, हा वाद टीममध्ये होतोच. विशबोन (चाकाला फ्रेमशी जोडणारे त्रिकोणी हात), रॉकर (रॉडची हालचाल वळवून डॅम्परकडे नेणारा तुकडा), डॅम्पर (स्प्रिंगसकट धक्के जिरवणारा) दोन्हीकडे तेच. पुशरॉड चाकाजवळच्या खालच्या टोकापासून वर चढतो आणि रॉकरला ढकलतो, पुलरॉड वरच्या टोकापासून खाली उतरतो आणि ओढतो.

पुलरॉडचं आकर्षण बहुतेक वेळा टीव्हीवरच्या फॉर्म्युला वनमधून येतं. 2009 च्या रेड बुल आरबी5 ला मागे पुलरॉड होता, 2012 मध्ये फेरारीने तो पुढे लावला. 2022 चे नियम आले आणि रेड बुल, मॅक्लारेन या दोघांनी पुढे पुल, मागे पुश केलं. त्यांना तळाखालून हवा कशी न्यायची याची चिंता असते. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर प्लास्टिकच्या शंकूंमधून वळणाऱ्या आपल्या गाडीला ती तेवढी नाही.

पुलरॉडने गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरं. एका अ‍ॅक्सलचे डॅम्पर आणि रॉकर मिळून तीन किलो धरा, ते 300 मिमी खाली आणले. चालकासकट गाडी 300 किलोची असेल तर गुरुत्वमध्य उतरला 3 मिमी. सत्तर किलोच्या चालकाची सीट 13 मिमी खाली घेतली तरी तेवढंच मिळतं.

वजनाचंही तसंच. ओढला जाणारा रॉड वाकून बसत नाही, म्हणून बारीक चालतो. 16 मिमी बाहेरचा, दीड मिमी जाडीचा स्टीलचा पाइप काढून 12 चा, एक मिमी जाडीचा लावला, तर 400 मिमी लांबीला साधारण शंभर ग्रॅम वाचतात. पण पुलरॉडमुळे वरचा विशबोन दाबात येतो, मग तो जाड करावा लागतो. पुशरॉडमध्ये खालचा विशबोन ताणात राहतो. एका खिशातलं दुसऱ्या खिशात, एवढंच.

माझा निर्णय मात्र या आकड्यांवर झाला नाही. पुलरॉडचा रॉकर आणि डॅम्पर तळाशी. स्प्रिंग बदलायची तर गाडी स्टँडवर घ्या, अंडरट्रे (तळाचं झाकण) काढा, आडवे पडा, आणि चालकाच्या पायांशेजारच्या पाइपांमधून पाना घाला. तो अष्टमांश फेरा फिरतो आणि अडतो. वर बसवलेल्या डॅम्परची स्प्रिंग दहा मिनिटांत बदलते. खाली अर्धा तास सहज जातो, आणि सरावाच्या दिवशी चार वेळा बदलायची असते. चार वेळा करायचं काम मग कंटाळून एकदाच होतं. त्यात पावसाळा सरता सरता सराव सुरू केला की आपल्याकडची लाल माती थेट खालच्या रॉकरच्या बेअरिंगमध्ये आणि रॉड एंडमध्ये (रॉडच्या टोकाच्या फिरत्या सांध्यात). दुसऱ्या दिवशी हाताने चाक हलवलं की खटखट.

राइड हाइटचाही, म्हणजे गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीचाही, घोळ होतो. रॉडला एम8 चे (8 मिमीचे) एका बाजूला उजवे, एका बाजूला डावे आटे असतील तर रॉडचा एक पूर्ण फेरा म्हणजे 2.5 मिमी. पुशरॉड लांब केला की गाडी उचलते. पुलरॉड लांब केला की बसते. घाईत हे उलटंच होतं.

पुशरॉड निर्दोष आहे असं नाही. रॉकरची पिन फ्रेमच्या नोडवरच, म्हणजे पाइप एकत्र येतात तिथेच हवी. पाइपच्या मधोमध ब्रॅकेट वेल्ड केला की पाइप वाकतो आणि नंतर वेल्डच्या कडेला चीर जाते. रॉड विशबोनला बॉल जॉइंटपासून (चाकाकडच्या सांध्यापासून) 30-40 मिमी आत जोडला तरी हीच गत. रॉड, रॉकर, डॅम्पर एका प्रतलात नसतील तर डॅम्परच्या शाफ्टवर आडवा भार येतो, सील गळायला लागतो. मागे डिफरन्शियलच्या वर इंजिनच्या इनटेकने (हवा घेणाऱ्या नळीने) जागा खाल्ली असेल, तर तिथे पुलरॉडचा विचार जरूर करा. पुढे मात्र मला तरी पुशरॉडच बरा वाटतो.

रॉड बनवायला दिलात तर एक करा. डाव्या आट्यांचा टॅप प्रत्येक वर्कशॉपमध्ये सापडेल असं नाही, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आधी विचारून ठेवा. लेथवरच्या मामांना पाइपमध्ये बसणारे बुश वेगळे करायला सांगा, आटे पाडून मग वेल्ड करा; वेल्डनंतर टॅप पुन्हा एकदा फिरवा, नाहीतर रॉड एंड अर्ध्यात अडकतो. डाव्या आट्यांच्या बुशावर लेथवरच एक खाच मारून घ्या. जॅम नट (रॉड एंड फिरू न देणारा नट) दोन्ही टोकांना, आणि डाव्या टोकाचा नटही डाव्या आट्यांचाच लागतो. त्याचे चार-पाच जादा घेऊन ठेवा. ट्रॅकवर हरवतो तो तोच.