पेरूत मुक्काम कुठे ठोकावा: कुस्को की आरेकिपा?

पेरूला निघालेल्या बहुतेकांच्या डोक्यात माचू पिचू हे इंका लोकांचं जुनं डोंगरी शहर असतं, त्यामुळे तिकडे जाण्यासाठी कुस्को न विचारताच ठरतं. पण हाताशी आठवडाच असेल आणि ट्रेकही करायचा असेल, तर आरेकिपाकडे नीट बघा.

आधी उंचीचं बोलू. कुस्को सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून वर. समुद्रकाठच्या लिमाहून विमानाने थेट तिथे उतरलात, तर दर रविवारी गड चढणाऱ्याचंही डोकं ठणकू शकतं. विरळ हवेपुढे पायांची ताकद कामाला येत नाही. पहिले दोन दिवस कोकाचा चहा पीत निवांत काढायचे. आरेकिपा २,३०० मीटरच्या आसपास आहे, तिथे त्रास बराच कमी.

शहर म्हणून मात्र कुस्को भारी. कोरिकांचा या इंकांच्या सूर्यमंदिराच्या भिंतींवर स्पॅनिशांनी सांतो दोमिंगोचा मठ चढवला. १९५०च्या भूकंपात मठाची पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र टिकून राहिल्या. चुन्याशिवाय बसवलेले ते दगड बघताना तासभर सहज जातो. आरेकिपात ज्वालामुखीच्या पांढऱ्या दगडाच्या, सिल्यारच्या, इमारती आहेत आणि १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ. मठ कसला, भिंतीआडचं गावच ते: गल्ल्या, चौक, श्रीमंत घरांतून आलेल्या जोगिणींची स्वतंत्र घरं, दिमतीला मोलकरणी! अंपातो शिखरावर १९९५ साली सापडलेला, इंकांनी बळी दिलेल्या हुआनिता या मुलीचा गोठलेला देहही याच शहरातल्या संग्रहालयात आहे.

ट्रेकचा प्रश्न परवान्यावर अडतो. माचू पिचूला नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका ट्रेलवर दिवसाला ५०० जणांनाच सोडतात, त्यात वाटाडे आणि हमालही आले. अधिकृत कंपनीमार्फतच जावं लागतं, फेब्रुवारीत वाट बंद, आणि मे ते ऑगस्टच्या जागा काही महिने आधीच भरतात. ती हुकली तर साल्कांतायचा ट्रेक आहे. त्याची खिंड ४,६०० मीटरची, पण बाकी वाट सुरेख.

आरेकिपाहून गाठायच्या कोल्का दरीला अशी चढाओढ नाही. काबानाकोन्देहून हजारेक मीटर खाली सांगाय्येला उतरायचं, रात्र काढायची आणि ऊन चढायच्या आत वर यायचं. आधी उतार, मग चढ, हा क्रम गुडघे आणि दम दोन्हींची परीक्षा घेतो. क्रूस देल कोंदोरला सकाळी गरम हवेवर तरंगणारी गिधाडं दिसतात, पंख पसरले की तीन मीटर. मात्र आरेकिपाहून दरीतल्या चिवाय गावाकडे जाणारा रस्ता ४,९०० मीटरची खिंड ओलांडतो. तिथे उतरून पळापळ करू नका.

माचू पिचू न पाहता परतलो तर हळहळ वाटेल, असं असेल तर सरळ कुस्को धरा आणि परवान्यासाठी आजच विचारणा करा. परवाना नसेल, गर्दीचा कंटाळा असेल, तर आरेकिपा. दहा-बारा दिवस मिळत असतील तर आधी आरेकिपा, मग रात्रीच्या बसने कुस्को. तोवर शरीर उंचीला बरंच सरावलेलं असतं.