पैसे नव्या ब्रेक शूंचे, ड्रममध्ये मात्र जुनेच

माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या ड्रम ब्रेकचं पूर्ण काम केल्याचं सांगून एका गॅरेजने माझ्याकडून पैसे घेतले. चारही शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे वक्र तुकडे) नवे, दोन्ही व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ड्रमकडे ढकलणारे) नवे, ड्रम लेथवर टर्न करून, म्हणजे आतून कातून सारखे करून आणलेले, असं तोंडी सांगितलं. बिलावर मात्र 'मागचं ब्रेक काम, सामानासह' एवढंच. यातलं एकही काम झालेलं नव्हतं. घरी ड्रम उघडल्यावर ते दिसलं, आणि काय काय दिसलं ते सगळं लिहून ठेवतो आहे. डिस्क ब्रेकचे पॅड चाकाच्या फटीतून तरी दिसतात. ड्रमच्या आत काय आहे ते ड्रम काढल्याशिवाय कळत नाही, आणि फसवणारा नेमका त्याचाच फायदा घेतो.

गाडी ताब्यात घेताना पेडल छान कडक लागत होतं, हँडब्रेकही थोड्याच खटक्यांत धरत होता. मेख तिथेच होती. आतला ॲडजस्टर फिरवून जुनेच शू ड्रमच्या अगदी जवळ आणले, की पेडल वर येतं आणि गाडी नव्या ब्रेकची वाटते. शूवरच्या लायनरची, म्हणजे घासून झिजणाऱ्या थराची, उरलीसुरली जाडी गेली की पेडल पुन्हा खाली. माझ्या गाडीचं तेच झालं. शिवाय ब्रेक दाबल्यावर मागचं एक चाक दुसऱ्याच्या आधी धरायला लागलं आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरत चालली. म्हणून गाडी परत त्याच हातात न देता स्वतःच उघडायचं ठरवलं.

पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागची बाजू स्टँडवर घेतली, मग हँडब्रेक सोडला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही हात घालू नये. दुसरी गोष्ट आतल्या भुकटीची. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती फुंकायची नाही, हवेच्या पाइपने तर मुळीच उडवायची नाही. मास्क लावून, ओली करून फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. गॅरेजमध्ये सर्रास हवा मारतात, ते पाहून शिकू नका.

ड्रम हातात आला तेव्हाच पहिलं खोटं उघडं पडलं. ड्रमच्या तोंडाशी जिथे शू टेकत नाही, तिथे बाकीचा भाग झिजून एक उंच काठ तयार होतो. नखाला सहज लागतो. नीट टर्न केलेल्या ड्रमला हा काठ उरत नाही. माझ्या दोन्ही ड्रमना तो होता, वरचा गंजही तसाच.

शूंवर काळा रंग मारला होता. ब्रश इतका घाईत फिरवलेला, की रंगाचे ओघळ लायनरच्या कडेवर उतरले होते. खिळ्याने खरवडलं तर खाली जुना गंज. लायनरचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून उजळ केलेला. ड्रममध्ये फिरून पडणाऱ्या रेघा शूच्या लांबीच्या दिशेने असतात. इथे त्यांच्यावर आडवे ओरखडे होते, म्हणजे हाताने घासल्याचे. लायनर शूला जोडणाऱ्या रिवेटच्या डोक्यावर ते जेमतेम उरलं होतं. आणि शूची टोकं सिलेंडरवर व खालच्या टेकूवर जिथे बसतात, तिथे झिजून चकचकीत खाचा पडलेल्या. या खाचा रंगाने लपत नाहीत. कोऱ्या शूला त्या असूच शकत नाहीत.

व्हील सिलेंडर बाहेरून स्वच्छ पुसलेला होता. रबराचं टोपण स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचललं, तर आतून ब्रेक ऑइल ओघळलं. खरा पुरावा मात्र बॅकप्लेटच्या, म्हणजे शू आणि सिलेंडर ज्यावर बसतात त्या पत्र्याच्या, मागे होता. सिलेंडर बदलायचा तर त्याला येणाऱ्या पाइपचा नट सोडावाच लागतो. त्या नटावर चिखल आणि गंजाचा थर अखंड होता, पाना लागल्याची एक खूण नाही. ज्याला एकच गोष्ट तपासायला जमेल, त्याने हा नट बघावा.

फोटो घेऊन गॅरेजमध्ये गेलो. आधी उत्तर आलं, "हे शू आमचे नाहीतच, तुम्हीच नंतर बदलले असतील." मग कोपऱ्यातून एक झिजलेली जोडी काढून, "हे बघा तुमच्या गाडीचे जुने," म्हणून दाखवली. माझ्या शूशेजारी ठेवली तर लायनरची रुंदीसुद्धा जुळेना. दाखवण्यापुरती कुठल्यातरी गाडीची एक जोडी बाजूला ठेवलेली असते, हे तेव्हा समजलं. नटाचा फोटो पाहिल्यावर सिलेंडरचे पैसे परत मिळाले. शूंचे नाही, कारण बिलावर कुठल्याच भागाचं नाव नव्हतं आणि शूंसाठी नटासारखा पुरावा माझ्याकडे नव्हता.

मला राग पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचा आहे. गळका सिलेंडर माहीत असून पुसून बंद करणं म्हणजे गाडीत बसणाऱ्या सगळ्यांच्या जिवाशी खेळणं आहे.

नंतरचं काम घरीच केलं. ऑइल प्यायलेलं लायनर पेट्रोलने धुऊन किंवा जाळून भरवशाचं होत नाही, म्हणून दोन्ही बाजूंचे शू आणि सिलेंडर बदलले. एका वेळी एकच बाजू उघडली, म्हणजे स्प्रिंग कुठली कुठे बसते ते दुसऱ्या बाजूला पाहता येतं. ॲडजस्टरच्या आट्या बऱ्याच गाड्यांत डाव्या-उजव्या वेगळ्या असतात. अदलाबदल झाली तर शू जवळ यायच्या ऐवजी लांब जातात. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच घातलं, आणि सीलबंद बाटलीतलं. कारण डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची ब्रेक ऑइलं हवेतला ओलावा शोषतात. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असेल तर ड्रम मोजूनच टर्निंगला द्यावा. त्यापुढे गेलेला ड्रम बदलायचा.

गॅरेजमध्येच काम करून घेणार असाल, तर ड्रम निघेल तेव्हा तिथे उभे राहा आणि जुन्या शूंवर तिथल्या तिथे खुणेची रेघ मारा. जुनं सामान परत हवं हे काम सुरू होण्याआधी सांगा. बिलावर प्रत्येक भागाचं नाव, नग आणि पार्ट नंबर लिहून घ्या. रिकामी खोकीही मागा. आणि काम झाल्यावरही ब्रेक ऑइल उतरत असेल, पण जमिनीवर थेंब दिसत नसेल, तर गाडी चालवणं थांबवून आधी मागचे ड्रम उघडा. गळलेलं ऑइल बराच काळ आतच साचत राहतं.