मोठ्या मोटरला स्लीव्ह बेअरिंग की रोलर?

बॉयलर फीड पंपाची दोन पोलची एचटी (उच्च दाबाच्या विजेवर चालणारी) मोटर 50 हर्ट्झवर मिनिटाला जवळपास 3000 फेरे घेते. तिथे मी डोळे झाकून स्लीव्ह बेअरिंग, म्हणजे शाफ्टभोवतीची गुळगुळीत बाही, मागेन. शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. धातूला धातू लागतो तो मुख्यतः चालू-बंद होतानाच. तेल स्वच्छ आणि थंड राहिलं तर व्हाइट मेटल (बाहीच्या आतलं मऊ धातूचं अस्तर) वर्षानुवर्षं टिकतं. बेअरिंगचा वरचा अर्धा भाग उचलला की शाफ्टवरचे ओरखडे लगेच दिसतात, कपलिंगला (मोटर आणि पंपाच्या जोडाला) हात लावावा लागत नाही. मात्र अक्षाच्या दिशेचा थ्रस्ट (रेटा) त्याच्यावर टाकू नका, तो पंपाच्या थ्रस्ट बेअरिंगनेच घ्यायचा.

रोलर बेअरिंग धातूच्या थकव्याने कधीतरी जातंच, आणि ग्रीस जास्त ठासलं तरी तापतं. पण बेल्टवर चालणाऱ्या क्रशरला तेच हवं. बेल्टची एकाच बाजूची ओढ साध्या स्लीव्हला झेपत नाही.

व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) असेल तर शाफ्टमधल्या करंटचा धोका दोघांनाही. रोलरच्या रेसवर (रोलर फिरतात त्या कड्यांवर) शिडीसारख्या बारीक आडव्या रेघा उमटतात, मग आवाज सुरू होतो. म्हणून ऑर्डर देतानाच नॉन-ड्राइव्ह (मागच्या) बाजूला इन्सुलेटेड बेअरिंग आणि ड्राइव्ह (यंत्र जोडलेल्या) बाजूला शाफ्टमधला करंट जमिनीत सोडणारा शाफ्ट अर्थिंग ब्रश लिहून घ्या.