सोनोग्राफीच्या अहवालावर मिळालेले ‘अभिनंदन’

मला पीसीओएस (हार्मोनच्या बिघाडामुळे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असल्याचे निदान बाविसाव्या वर्षी झाले. तेव्हापासून पाळी लांबली की डॉक्टर दहा दिवस प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देत आणि त्या संपल्यावर काही दिवसांत पाळी येत असे. गेल्या वर्षी एका ‘हार्मोन मार्गदर्शक’ बाईंनी या गोळ्या म्हणजे शरीरावर जबरदस्ती असल्याचे मला पटवले आणि सहा महिन्यांचे चूर्ण व काढा १६,८०० रुपयांना दिला. डब्यावर ना परवाना क्रमांक होता ना उत्पादकाचा पत्ता. कमळाचे एक स्टिकर आणि त्याखाली पेनाने लिहिलेले ‘सकाळी-रात्री १ चमचा’, एवढेच.

पैसे बुडाल्याचे दुःख मी गिळलेही असते. चार महिने पाळी आली नाही म्हणून मी सोनोग्राफी करून घेतली, तर गर्भाशयाच्या अस्तराची जाडी १४ मिलीमीटर निघाली. अहवालाचा फोटो त्या बाईंना पाठवताच उत्तर आले : “अभिनंदन ताई! गर्भधारणेला सात-आठ लागतं, तुमचं तर दुप्पट भरलंय.” टेस्ट ट्यूब उपचारांत गर्भ सोडण्यापूर्वी अस्तर साधारण तेवढे जाड आहे ना, हे पाहतात हे खरे आहे, आणि त्या खरेपणामुळेच मी फसले.

एरवी इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे अस्तर वाढते, स्त्रीबीज बाहेर पडल्यावर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आळा घालते, आणि ते ओसरले की अस्तर गळून पाळी येते. पीसीओएसमध्ये स्त्रीबीज महिनोन्‌महिने सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेन मात्र चालूच राहते आणि अस्तर वाढतच जाते. हे वर्षानुवर्षे चालले तर त्यातील पेशी विकृत होण्याचा आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो; म्हणूनच पाळी तीन-चार महिन्यांहून अधिक लांबू न देण्याची दक्षता डॉक्टर घेतात. ज्याला बाई जबरदस्ती म्हणत होत्या, ते माझे संरक्षण होते.

सातव्या महिन्यात सुरू झालेला रक्तस्राव एकोणीस दिवस थांबला नाही आणि हिमोग्लोबिन ७.६ वर आले. बायॉप्सीत अस्तराची अतिवाढ आढळली, पेशींत विकृती नव्हती. आता गर्भाशयात हार्मोन सोडणारे साधन बसवले आहे (आमच्याकडे त्यालाही सरसकट तांबीच म्हणतात) आणि सहा महिन्यांनी पुन्हा बायॉप्सी करायची आहे.

मासिक पाळीचे दोष दूर करणाऱ्या औषधांची लोकांपुढे जाहिरात करण्यावर १९५४ च्या कायद्याने निर्बंध आहेत, हे मला फार उशिरा कळले. डबा, पावती आणि सर्व संदेश जोडून मी अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही ती नोंदवली आहे. बाईंनी पैसे परत केलेले नाहीत. नाव काळे करून त्यांनी माझा तोच अहवाल मात्र स्वतःच्या यशोगाथांमध्ये लावला आहे आणि १४ या आकड्याभोवती हिरवे वर्तुळ काढले आहे.